जिमची जाहिरातीतली वर्गणी आणि प्रत्यक्षातली वसुली: सदस्यत्व रद्द कसे करावे?

प्रश्न

सात महिन्यांपूर्वी मी एका जिमचे सदस्यत्व घेतले. दर्शनी फलकावर मासिक वर्गणी ठळक अक्षरांत लिहिलेली होती आणि ती मला परवडण्यासारखी होती. काउंटरवरच्या प्रतिनिधीने सगळी यंत्रे फिरून दाखवली, माझे वजन घेतले, गुडघ्याच्या जुन्या दुखण्याची आस्थेने चौकशी केली आणि शेवटी सांगितले की ही सवलत आज रात्रीपर्यंतच आहे. वर्षभराचे बंधन नाही ना, असे मी स्पष्टपणे विचारले होते. "महिन्याच्या महिन्याला भरायचे, नको वाटले तर सांगायचे," हे त्यांचे उत्तर मला अजून शब्दशः आठवते. त्यानंतर एका टॅबलेटच्या पडद्यावर मी तीन ठिकाणी बोटाने सही केली. अटींचे पान त्यांनी उघडून दाखवले नाही आणि मीही मागितले नाही.

पहिल्याच महिन्यात वर्गणीबरोबर नोंदणी शुल्क आणि कर आकारला गेला. फलकावरच्या रकमेत यांपैकी काहीच धरलेले नव्हते. तेही मी मान्य केले. तिसऱ्या महिन्यात मात्र खात्यातून अचानक जवळजवळ दोन महिन्यांच्या वर्गणीइतकी रक्कम वजा झाली. विचारणा केल्यावर ते 'वार्षिक देखभाल शुल्क' असल्याचे कळले. हा शब्दही मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. याशिवाय पर्सनल ट्रेनिंगच्या चोवीस सत्रांचे पैसे माझ्याकडून आगाऊ घेतले होते. त्यांतली नऊ सत्रे झाल्यावर प्रशिक्षक नोकरी सोडून गेले, आणि नव्या प्रशिक्षकांकडे माझ्या कामाच्या वेळेतलीच जागा शिल्लक आहे.

आता गुडघ्याचे दुखणे वाढल्यामुळे डॉक्टरांनी काही महिने जिम बंद ठेवायला सांगितले आहे. ॲपमध्ये सदस्यत्व घेण्याची, वाढवण्याची आणि मैत्रिणीला बोलावण्याची सोय आहे, पण रद्द करण्याची नाही. फोन केला तर प्रत्यक्ष या म्हणतात, प्रत्यक्ष गेले तर व्यवस्थापक नसतात. तिसऱ्या खेपेला ते भेटले, तेव्हा त्यांनी सांगितले की माझा करार बारा महिन्यांचा आहे आणि उरलेल्या पाच महिन्यांची वर्गणी भरावीच लागेल. पर्याय म्हणून सदस्यत्व 'फ्रीझ' करता येईल, पण त्यालाही दरमहा शुल्क आहे.

तोंडी दिलेल्या शब्दाला काही किंमत असते का? न सांगता घेतलेले वार्षिक शुल्क परत मागता येते का? आणि खात्यातून होणारी वजावट मी सरळ थांबवली तर चालेल का? पैशांइतकीच खंत याची वाटते की मी मुद्दाम प्रश्न विचारला होता आणि समोरच्या माणसाने माझ्याकडे पाहून खोटे उत्तर दिले.

उत्तर १

माझ्या बाबतीत असेच झाले होते. मी बँकेत जाऊन वजावट बंद केली आणि जिमचे फोन घेणे सोडून दिले. दोन-तीन महिन्यांत ते आपोआप थांबले. तुम्हीही तेच करावे, उगाच पत्रव्यवहारात वेळ घालवू नये.

उत्तर २ (पूर्वी जिमच्या काउंटरवर काम केलेला सदस्य)

मी तीन वर्षे हेच काम केले आहे. म्हणून आतल्या बाजूने हे कसे चालते ते लिहितो.

आम्हाला दर महिन्याला नव्या सदस्यांचे लक्ष्य दिलेले असे आणि पगाराचा मोठा भाग त्यावर अवलंबून असे. 'आज रात्रीपर्यंतची सवलत' दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने सुरूच असायची. तिचा एकमेव उद्देश हा की माणसाने करार घरी नेऊन वाचू नये. आत आलेल्या माणसाला आधी यंत्रे दाखवायची, मग त्याचे वजन आणि दुखणी विचारायची, आणि रकमेचा विषय अगदी शेवटी काढायचा, असे प्रशिक्षणच आम्हाला दिले जाई. स्वतःच्या शरीराबद्दल अर्धा तास बोलून झाल्यावर माणूस अटींवर हुज्जत घालायला संकोचतो. तुमच्या गुडघ्याची चौकशी त्या प्रतिनिधीने मनापासूनही केली असेल, पण ती त्या क्रमाचा भागही होती.

रकमेची फोड मुद्दाम केलेली असते. एकूण वर्षाला जेवढे घ्यायचे ते आधी ठरते. मग त्यातला काही भाग नोंदणी शुल्कात, काही वार्षिक शुल्कात, काही लॉकर किंवा ओळखपत्राच्या शुल्कात टाकला की मासिक आकडा लहान होतो आणि फलकावर तोच लहान आकडा जातो. आमच्याकडे वार्षिक शुल्क सामील झाल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी लावत असत. पहिल्या दिवशीच मागितले तर माणूस एकूण हिशेब मांडतो आणि निघून जातो. तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याने बूट घेतलेले असतात, वेळ ठरलेली असते, चार ओळखी झालेल्या असतात, त्यामुळे तो कुरकुर करून का होईना पण राहतो.

रद्द करणे अवघड ठेवण्याचे कारणही सांगतो. जिमचे भाडे, वीज, यंत्रांचे हप्ते हा खर्च सदस्य आला काय आणि न आला काय, तेवढाच राहतो. आमच्या जिममध्ये जेवढे सदस्य नोंदलेले होते तेवढे सगळे एका संध्याकाळी आले असते तर उभे राहायलाही जागा पुरली नसती. न येणाऱ्यांची वर्गणी हा मिळकतीचा ठरलेला भाग होता, आणि रद्द करायला लागणारी प्रत्येक जास्तीची फेरी म्हणजे त्या मिळकतीचा आणखी एक महिना. 'व्यवस्थापक आत्ता नाहीत' हे वाक्य मी स्वतः अनेकदा बोललो आहे, आणि त्याबद्दल मला आज खरोखर वाईट वाटते. नोकरी सोडण्याचे तेही एक कारण होते.

एक उपयोगाची गोष्ट सांगतो. तुमच्या सहीची डिजिटल प्रत त्यांच्याकडे नक्की असणार. ती लेखी मागा. आमच्याकडे 'मासिक' आणि 'बारा महिने' असे दोन पर्याय एकाच पडद्यावर असत आणि दुसरा पर्याय आधीच निवडलेला असे.

उत्तर ३

पहिल्या उत्तरातला सल्ला कृपया जसाच्या तसा अमलात आणू नका. वजावट थांबवणे आणि करार संपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेने पैसे देणे थांबवले तरी करार कागदावर चालू राहतो, थकबाकी साचते, आणि काही ठिकाणी ती वसुली करणाऱ्या संस्थेकडे सोपवली जाते. त्या सदस्याचे प्रकरण आपोआप थांबले, हे त्यांचे सुदैव. आधी लेखी रद्दपत्र, मग वजावट बंद, हा क्रम ठेवावा.

कायदा देशागणिक वेगळा आहे, तरी जगभरच्या तक्रारी इतक्या सारख्या आहेत की न्यायालये आणि नियामक वेगवेगळ्या वाटांनी त्याच प्रश्नांपाशी आलेले दिसतात. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये, जिमसाठी करार तयार करून वर्गणी वसूल करणाऱ्या एका कंपनीच्या खटल्यात, बारा महिन्यांपेक्षा जास्त किमान मुदत असलेली कलमे अन्यायकारक ठरवली. सामील होताना सामान्य ग्राहक आपण किती वेळा जाऊ याचा अंदाज फुगवून करतो आणि हे करार त्याच्या त्या अननुभवावर बेतलेले आहेत, असा त्या निकालाचा आशय होता. ब्रिटनमध्येच एप्रिल २०२५ पासून जाहिरातीत कमी किंमत दाखवून अनिवार्य शुल्के मागाहून एकेक करून जोडण्यास बंदी आहे. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून संकेतस्थळावरून करता येणाऱ्या अशा चालू करारांसाठी तिथेच ठळक रद्द-बटण देणे बंधनकारक आहे. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निर्णय दिला की महासाथीच्या काळात जिम बंद असताना घेतलेली वर्गणी परत केली पाहिजे आणि तेवढे महिने करार परस्पर पुढे ढकलता येणार नाही. अमेरिकेत मात्र गाडी अडली. तिथल्या संघीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'जितक्या सहज सामील होता आले तितक्याच सहज रद्द करता आले पाहिजे' असा नियम केला, पण जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने कार्यपद्धतीतील त्रुटीमुळे तो रद्दबातल ठरवला.

भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये 'अनुचित करार' ही संकल्पना आहे. करारभंगाने झालेल्या नुकसानीच्या तुलनेत अवाजवी दंड लावणारे कलम तिच्यात मोडते. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये फसव्या रचनांचे तेरा प्रकार दिले आहेत. खरी किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपवणे किंवा गुंतागुंतीची करणे, हे दोन्ही त्यांत आहेत. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते, आणि ग्राहक आयोगाकडे जायचे झाल्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कार्डावरून होणाऱ्या आवर्ती वजावटीची सूचना किमान चोवीस तास आधी ग्राहकाला मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तुम्हाला वार्षिक शुल्कापूर्वी अशी सूचना आली होती का, हे जुन्या संदेशांत तपासून पाहा. आली असेल तर तिच्यात कोणत्या शीर्षकाखाली किती रक्कम लिहिली होती, तेही नोंदवून ठेवा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल: तोंडी शब्दाला किंमत असते, पण तो सिद्ध करावा लागतो. त्या दिवशी बरोबर कोणी होते का? घरी आल्यावर एखाद्या मैत्रिणीला 'वर्षाचे बंधन नाही' असा संदेश पाठवला होता का? जिमच्या जाहिरातीत 'कधीही थांबा' अशा अर्थाचे काही छापलेले होते का? फलकाचे छायाचित्र अजूनही काढून ठेवता येईल, कारण तो बहुधा तसाच लावलेला असणार.

पत्र छोटे असावे आणि त्यात राग नसावा. साधारण असे लिहिता येईल: "दिनांक अमुक रोजी घेतलेले माझे सदस्यत्व, क्रमांक अमुक, मी वैद्यकीय कारणामुळे या पत्राद्वारे रद्द करीत आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. हे पत्र आपणांस मिळाल्याची तारीख हीच पूर्वसूचनेची तारीख समजावी. माझ्या सहीच्या कराराची संपूर्ण प्रत, वार्षिक देखभाल शुल्क ज्या कलमाखाली आकारले ते कलम, आणि न झालेल्या पंधरा सत्रांच्या रकमेचा परतावा पंधरा दिवसांत मिळावा. या पत्रानंतर माझ्या खात्यातून केलेली कोणतीही वजावट माझ्या संमतीवाचून केलेली असेल." हे पत्र ईमेलने पाठवा आणि पोच मिळेल अशा टपालानेही पाठवा. काउंटरवर नेऊन दिलेल्या पत्राच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परतू नका. फोनवर काही बोलणे झालेच, तर 'आपण आत्ता अमुक सांगितले' असे दोन ओळींत लगेच ईमेलने कळवा. तीन फेऱ्या आणि सगळे फोन यांचा आज तुमच्याकडे एकही कागद नाही, आणि नेमके हेच त्यांच्या पथ्यावर पडले आहे.

वैद्यकीय कारण हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, म्हणून तो पहिल्या वाक्यात असू द्या. सत्रांच्या पैशांची बाजूही पक्की आहे, कारण ती सेवा त्यांनी दिलेलीच नाही. वार्षिक शुल्काचे मात्र करारातले शब्द पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

उत्तर ४ (एक छोटी व्यायामशाळा चालवणारा)

या धंद्यातला असल्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. वर्षभराची वर्गणी घेणे म्हणजे फसवणूक नव्हे. नव्या वर्षाच्या सुरुवातीला गर्दी होते आणि पुढे महिन्यागणिक ओसरते, पण जागेचे भाडे आणि प्रशिक्षकांचे पगार ओसरत नाहीत. बारा महिन्यांची हमी देणाऱ्याला मी कमी दर देऊ शकतो, कारण त्याच्या भरवशावर मला खर्च ठरवता येतो. जो सवलतीच्या दराने वर्षाचा करार करतो आणि दुसऱ्या महिन्यात सोडून जातो, त्याच्याकडून मासिक दराचा फरक घेणे मला न्याय्य वाटते.

पण हे सगळे समोरच्याला आधी, आकड्यात आणि कागदावर सांगायला काहीच अडचण नसते. माझ्याकडे एका पानाचा तक्ता आहे: आज किती द्याल, दरमहा किती, वर्षाअखेर एकूण किती, आणि तिसऱ्या किंवा सहाव्या महिन्यात सोडलेत तर किती. शेवटचा रकाना पाहून काही लोक परत जातात. जे राहतात त्यांच्याशी माझे कधी भांडण झालेले नाही. आजारपणात सदस्यत्व थांबवण्यासाठी मी पैसे घेत नाही, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाकडून 'फ्रीझ'चे शुल्क घेणाऱ्यांचे समर्थन मला करता येत नाही. ज्या व्यायामशाळेला हा शेवटचा रकाना दाखवायचा नसतो, तिथे सही करू नये.

उत्तर ५

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी 'मी करार मागितला नाही' असे लिहिले आहे. त्यात स्वतःला दोष देण्याचा सूर दिसला, म्हणून थोडे लिहिते.

स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उलरिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सदस्यांच्या नोंदींवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मासिक वर्गणी ७० डॉलरहून अधिक असलेले सदस्य महिन्याला सरासरी ४.३ वेळा जात होते. म्हणजे त्यांना एक फेरी १७ डॉलरहून महाग पडत होती, आणि त्याच क्लबांमध्ये दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर एक फेरी १० डॉलरला मिळाली असती. त्याहून मला महत्त्वाची वाटली ती दुसरी नोंद. केव्हाही सोडता येईल असा मासिक करार घेणारे लोक, वार्षिक करार घेणाऱ्यांपेक्षा, वर्ष उलटल्यावरही सदस्य राहण्याची शक्यता १७ टक्क्यांनी जास्त होती. शेवटची फेरी आणि प्रत्यक्ष रद्द करणे यांच्यात सरासरी दोनहून अधिक पूर्ण महिने जात होते.

'उद्यापासून नेमाने जाईन' असे वाटणे आणि 'या आठवड्यात रद्द करू' म्हणत राहणे, हे बहुतेक सगळ्यांचेच होते. ज्यांनी हे करार लिहिले त्यांना हे चांगले ठाऊक आहे. तुम्ही तर बंधनाबद्दल थेट विचारले होते आणि गुडघा दुखू लागताच रद्द करायला तीनदा गेलात. यात तुमची हयगय मला कुठे दिसत नाही.

ज्यांना आता नव्याने नाव नोंदवायचे आहे, त्यांनी पहिले दोन-तीन महिने फेरीगणिक पैसे देऊन पाहावेत, दर फेरी जास्त वाटली तरी. आपण खरोखर किती जातो हे आपल्या नोंदवहीत दिसल्यावर वर्षाच्या कराराचा हिशेब निराळाच निघतो. पर्सनल ट्रेनिंगची सत्रेही चार-चार करून घ्यावीत, आणि प्रशिक्षक बदलल्यास पैसे परत मिळतील हे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. काय घडले ते इतरांच्या उपयोगासाठी लिहिते.

पत्र ईमेलने आणि टपालाने पाठवले. पाचव्या दिवशी कराराची प्रत आली. काउंटरवर काम केलेल्या सदस्यांनी लिहिल्याप्रमाणेच ते निघाले. 'बारा महिने' या पर्यायापुढे खूण आहे आणि माझी दुसरी सही त्याच पानाखाली आहे. ती खूण मी केलेली नाही, पण सही माझी आहे, हे मी नाकारू शकत नाही. सुदैवाने त्या दिवशी संध्याकाळी मी बहिणीला पाठवलेला संदेश सापडला, "महिन्याच्या महिन्याला आहे, अडकायला होणार नाही" असा. तो मी दुसऱ्या पत्रासोबत जोडला.

त्यानंतर व्यवस्थापकांनी स्वतः फोन केला. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे सदस्यत्व या महिन्याअखेर संपेल आणि पंधरा सत्रांची रक्कम परत मिळेल, असे ते म्हणाले. मी तेच दोन ओळींत ईमेलने लिहून पाठवले आणि त्यांनी त्यावर लेखी होकार दिला. सत्रांचे पैसे काल खात्यात जमा झाले. त्यानंतरच मी वजावटीची संमती ॲपमधून काढून घेतली.

वार्षिक शुल्क परत करायला त्यांनी नकार दिला आहे. करारात त्याचे कलम चौथ्या पानावर आहे. 'वेळोवेळी लागू असलेले वार्षिक देखभाल शुल्क' एवढेच त्यात लिहिले आहे, रक्कम नाही आणि तारीखही नाही. जुने संदेश तपासले, तर वजावटीची आगाऊ सूचना आली होती, पण तिच्यात फक्त रक्कम होती, कशाची ते नव्हते, आणि कामाच्या गडबडीत मी ती उघडलीही नव्हती. ज्या कलमात आकडाच नाही त्याला मी संमती दिली असे कसे धरता येईल, हा प्रश्न मी लेखी विचारला. त्याला उत्तर न आल्यामुळे काल हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. फलकाचे छायाचित्रही काढून ठेवले आहे. त्यावर आजही फक्त मासिक आकडाच लिहिलेला आहे.